प्रत्याघात-नियंत्रण, स्पर्धा रायफलीतील

गोळी झाडली जात असताना शस्त्राला गोळीच्या उलट दिशेने जो आवेग मिळतो, त्यास प्रत्याघात म्हणतात. व्यवहारात यालाच बंदुकीचा ‘धक्का’ असे म्हटले जाते. एका लक्ष्यावर सावकाश एकच गोळी झाडावयाची असल्यास या धक्क्याचे महत्त्व बेताचे असते. परंतु ज्या स्पर्धांत अनेक लक्ष्यांवर थोड्या वेळात अनेक गोळ्या झाडावयाच्या असतात व गुणांना लागलेल्या वेळाने भागले जाते, तेथे पहिल्या गोळीने हललेली नळी पुन्हा लक्ष्यावर स्थिर होण्यास किती वेळ लागतो, यावर स्पर्धकाचे यश अवलंबून असते. त्यामुळे अशा स्पर्धांसाठी बनविलेल्या अर्धस्वयंचलित रायफलींत प्रत्याघाताचा परिणाम कमी करण्याचे नानाविध उपाय योजलेले असतात. मागेपुढे सरकणारे भाग हलके करणे हा त्यांपैकी एक प्रमुख उपाय होय. या उपायाने प्रत्याघाताचे एकूण मान कमी होत नाही. तो रायफलीला केव्हा व कोणत्या रीतीने मिळतो, एवढेच बदलते. शिवाय त्यापासून मिळणारा लाभ हा यंत्रणेच्या भरवशासाठी मूळ रचनेत राखून ठेवलेल्या अधिकाच्या मोबदल्यात मिळत असतो.

मूलतत्त्व : प्रत्याघात हा न्यूटन यांच्या गतिविषयक तिसऱ्या नियमाचा परिणाम आहे. झाडण्यापूर्वी रायफल, गोळी व दारू यांचा एकत्रित संवेग (द्रव्यमान आणि वेग यांचा गुणाकार) शून्य असतो; झाडल्यानंतरही त्यांची बेरीज शून्यच राहिली पाहिजे. म्हणून गोळी आणि दारूच्या ज्वलनाने निर्माण झालेले वायू यांना पुढच्या दिशेने जेवढा संवेग मिळतो, तेवढाच संवेग रायफलीला मागच्या दिशेने मिळतो. दारूचे वजन गोळीच्या मानाने कमी असले, तरी नळीच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा वेग गोळीच्या वेगाहून पुष्कळच अधिक असतो. त्यामुळे एकूण प्रत्याघातात वायूंचा वाटा दुर्लक्षणीय नसतो.

उदाहरणादाखल ५·५६ मिमी. व्यासाच्या काडतुसाचा विचार करू. गोळीचे वजन ३·६ ग्रॅ. व वेग ९५० मी./से. धरल्यास तिचा संवेग सु. ३·४ किग्रॅ.मी./से. येतो. दारूचे वजन १·६ ग्रॅ. व वायूंचा सरासरी वेग १,४०० मी./से. धरल्यास वायूंचा संवेग सु. २·२ किग्रॅ.मी./से. होतो. दोहोंची बेरीज सु. ५·७ किग्रॅ.मी./से. इतकी भरते. रायफल ४ किग्रॅ. वजनाची असेल, तर ती सु. १·४ मी./से. वेगाने मागे येऊ पाहील व तिची गतिज ऊर्जा सु. ४ जूल असेल. याच पद्धतीने ७·६२ मिमी. व्यासाच्या लष्करी काडतुसासाठी (गोळी ९·५ ग्रॅ., वेग ८४० मी./से., दारू ३ ग्रॅ.) गणित केल्यास तेवढ्याच वजनाच्या रायफलीत ही ऊर्जा १८ जुलांहून अधिक येते. जलद नेमबाजीत लहान व्यासाच्या काडतुसाला पसंती का मिळते, हे यावरून स्पष्ट होते.

याउलट ऑलिंपिकमधील ५० मी. रायफल स्पर्धांत ५·६ मिमी. व्यासाचे लहान काडतूस वापरले जाते. त्याच्या सु. २·६ ग्रॅ. वजनाच्या व सु. ३२५ मी./से. वेगाच्या गोळीचा संवेग वरील एकूण संवेगाच्या साधारण सातव्या हिश्श्याइतका असतो. रायफल मात्र ८ किग्रॅ.पर्यंत जड असू शकते. ती एका वेळी एकच काडतूस भरून वापरतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ज्या तीन स्थितींतील स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, ती याच प्रकारची होय. तेथे शरीराची निश्चलता व श्वासावरील ताबा यांना महत्त्व असून आपोआप मागेपुढे सरकणाऱ्या भागांचा प्रश्न उद्‌भवत नाही. प्रस्तुत विवेचन अर्धस्वयंचलित रायफलींपुरते मर्यादित आहे.

यंत्रणेचे कार्य : जलद नेमबाजीच्या स्पर्धांतील बहुसंख्य रायफली अमेरिकन अभिकल्पक यूजीन स्टोनर (१९२२–९७) यांच्या रचनेवर आधारलेल्या असतात. स्टोनर यांनी आर्मालाइट या संस्थेत एआर-१० व तीवरून लहान केलेली एआर-१५ या रायफलींचा विकास घडवून आणला. त्यांच्या वायुयंत्रणेचे एकस्व (पेटंट) १९६० मध्ये मंजूर झाले. या रचनेत नळीच्या बाजूस असलेल्या छिद्रातून थोडा वायू एका बारीक नलिकेवाटे मागे आणला जातो. हा वायू बोल्टवाहक या पोलादी भागाच्या पोकळीत शिरतो. बोल्ट हा या पोकळीत दट्ट्यासारखा बसलेला असून त्याचे पुढील दात नळीमागील खाचांत अडकलेले असतात. त्यामुळे वायूच्या दाबाने बोल्ट जागीच राहतो व बोल्टवाहक मागे सरकू लागतो. थोडे अंतर मोकळे सरकल्यावर बोल्टवाहकातील तिरप्या खाचेमुळे बोल्ट फिरतो व त्याचे दात सुटतात. तोवर गोळी नळीबाहेर गेलेली असते आणि कोठीतील दाब पुष्कळ उतरलेला असतो.

यानंतर बोल्ट व बोल्टवाहक एकत्र मागे जातात. या प्रवासात रिकामी पुंगळी कोठीतून ओढून बाहेर फेकली जाते, घोडा पुन्हा चढविला जातो आणि दस्त्यातील स्प्रिंग दाबली जाते. बोल्टवाहकाच्या मागे, स्प्रिंगच्या तोंडाशी, बफर म्हणजे धक्काशोषक बसविलेला असतो. सु. ९ सेंमी. अंतर कापल्यावर बफर दस्त्यातील नळकांड्याच्या तळावर आदळतो. मग स्प्रिंग सर्व भाग पुढे ढकलते. बोल्ट मॅगझीनमधील पुढचे काडतूस कोठीत सारतो व फिरून पुन्हा अडकतो. हे संपूर्ण आवर्तन सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेळात पूर्ण होते.

नेमबाजाच्या खांद्याला जरी एकच धक्का जाणवला, तरी वास्तविक तेथे तीन घटना घडतात. पहिली, गोळी व वायू बाहेर पडताना मिळणारा आवेग. हा दोन-तीन मिलिसेकंदांत संपतो. दुसरी, बोल्टवाहक व बफर मागे आदळण्याची. ही त्यानंतर सु. २० ते ३० मिलिसेकंदांनी घडते. तिसरी, तेच भाग पुढे येऊन नळीच्या मागील टोकाशी थांबण्याची. या वेळी रायफलीला पुढच्या दिशेने हिसका बसतो व नळीचे तोंड किंचित खाली झुकते. पहिल्या घटनेत नळी वर उचलली जाते, दुसरीत तिला आणखी धक्का बसतो आणि तिसरीत ती खाली ओढली जाते. अनुभवी नेमबाजाला दुर्बिणीतील लाल ठिपका लक्ष्यावरून वर जाऊन पुन्हा खाली घसरताना दिसतो, त्याचे कारण हेच होय.

बोल्टवाहकाला मिळालेला संवेग हा एकूण प्रत्याघातापासून वेगळा नसून त्याचाच एक अंश असतो. वायूने बोल्टवाहकाला मागे ढकलताना बोल्टच्या द्वारा उरलेल्या रायफलीला तितकेच पुढे ढकललेले असते. म्हणजे तेवढा प्रत्याघात उधार राहतो. स्प्रिंग दाबली जात असताना व शेवटी बफर तळावर आदळताना ही उधारी रायफलीकडे परत येते. स्प्रिंगवाटे परत येणारा भाग सौम्यपणे व लांबलेल्या काळात येतो. आदळण्यातून येणारा भाग मात्र एकदम येतो. यांपैकी दुसरा भाग शक्य तितका कमी करणे हे हलक्या चल भागांचे उद्दिष्ट असते.

हलक्या चल भागांचे परिणाम : सामान्य एआर-१५ प्रकारच्या रायफलीत बोल्टसह बोल्टवाहकाचे वजन सु. ३३० ग्रॅ. आणि आखूड दस्त्यातील बफरचे वजन सु. ८५ ग्रॅ. असते, म्हणजे एकूण सु. ४१५ ग्रॅ. भाग मागेपुढे धावतात. स्पर्धेसाठी बनविलेल्या हलक्या संचात हे वजन २५० ग्रॅ.च्या आसपास आणता येते. त्यासाठी पोलादी बोल्टवाहकाचा अनावश्यक भाग कापून काढतात किंवा तो ॲल्युमिनियम वा टिटॅनियम यांच्या मिश्रधातूंचा बनवितात. पोलादाची घनता सु. ७·८, टिटॅनियमची सु. ४·५ व ॲल्युमिनियमची सु. २·७ ग्रॅ./घसेंमी. असल्याने वजनात मोठी घट होते. प्रत्यक्ष दाब सहन करणारा बोल्ट मात्र उच्च प्रतीच्या पोलादाचाच ठेवावा लागतो.

भाग हलके केले की धक्का आपोआप कमी होतो, हा समज मात्र बरोबर नाही. छिद्रातून येणारा वायू पूर्वीइतकाच राहिला, तर तो बोल्टवाहकाला साधारणपणे तेवढाच संवेग देतो. ४१५ ग्रॅ. वजनाचे भाग ५ मी./से. वेगाने जात असतील, तर त्यांचा संवेग सु. २·१ किग्रॅ.मी./से. व ऊर्जा ५·२ जूल असते. तोच संवेग २५५ ग्रॅ. वजनाच्या भागांना मिळाल्यास त्यांचा वेग ८ मी./से.हून अधिक आणि ऊर्जा सु. ८·४ जूल होईल. अशा स्थितीत बफर पूर्वीपेक्षा अधिक जोराने आदळेल आणि रायफलीचे वर्तन सुधारण्याऐवजी बिघडेल.

याउलट वायूचे प्रमाण इतके कमी केले की भागांना पूर्वीइतकीच ५·२ जूल ऊर्जा मिळेल, तर त्यांचा संवेग सु. १·६ किग्रॅ.मी./से. राहील. ऊर्जा तीच ठेवल्यास संवेग द्रव्यमानाच्या वर्गमुळाच्या समप्रमाणात बदलतो, हे यामागील सूत्र होय. पुंगळी ओढणे, घोडा चढविणे व स्प्रिंग दाबणे या कामांना ठराविक ऊर्जा लागते. ती हलक्या भागांकडून कमी संवेगात पुरविता येते. जोडीला मऊ स्प्रिंग वापरून लागणारी ऊर्जा ३ जुलांपर्यंत उतरविता आली, तर संवेग सु. १·२ किग्रॅ.मी./से. एवढाच उरतो. एकूण ५·७ पैकी उधार राहणारा अंश अशा प्रकारे एक तृतीयांशाहून अधिक होता, तो एक पंचमांशाच्या जवळ येतो. बोल्ट बंद होतानाचा हिसकाही त्याच प्रमाणात सौम्य होतो व नळीचे तोंड कमी झुकते. एकूण प्रत्याघात तेवढाच राहिला, तरी त्याचा अधिकांश पहिल्या क्षणीच मिळून जातो आणि नंतरची हालचाल थोडी उरते.

वायुनियंत्रण : यावरून हलके चल भाग आणि वायूचे नियंत्रण हे एकाच उपायाचे दोन अर्धे भाग ठरतात. नियंत्रणाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत नळीवरील छिद्रापाशीच एक स्क्रू बसवून वायूचा मार्ग अरुंद करतात. दुसरीत वायू बोल्टवाहकापर्यंत येऊ देऊन तेथून जादा वायू बाहेर सोडतात. छिद्राची जागाही महत्त्वाची असते. कोठीपासून ते जितके दूर, तितका तेथील दाब कमी व यंत्रणेचे कार्य उशिरा सुरू होणारे असते. म्हणून स्पर्धा रायफलींत आखूड वायुनलिकेपेक्षा लांब वायुनलिका पसंत केली जाते.

नियंत्रक जुळविण्याची रीत सोपी आहे. मॅगझीनमध्ये एकच काडतूस ठेवून स्क्रू जवळजवळ बंद करतात व प्रत्येक वेळी तो थोडाथोडा उघडत एकेक गोळी झाडतात. शेवटच्या काडतुसानंतर बोल्ट मागे अडकून राहावा अशी रचना असल्याने, ज्या स्थितीत तो प्रथम अडकतो ती किमान आवश्यक वायूची स्थिती होय. त्या स्थितीवर न थांबता स्क्रू आणखी थोडा उघडून ठेवतात. हा ‘आणखी थोडा’ किती असावा, हाच या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

मर्यादा व धोके : जड बोल्टवाहक अकारण जड नसतो. त्याच्या जडत्वामुळे तो सुरुवातीला सावकाश हलतो व दाब उतरेपर्यंत बोल्टचे दात अडकलेले राहतात. हलका बोल्टवाहक भरपूर वायूने ढकलला गेल्यास बोल्ट लवकर सुटतो. त्या वेळी कोठीतील दाब पुरेसा उतरलेला नसल्यास पुंगळी कोठीच्या भिंतीला घट्ट चिकटलेली असते. ती ओढणारा आकडा तिच्या काठावरून निसटतो किंवा काठ फाडतो आणि पुंगळी आतच अडकून बसते. बोल्टच्या दातांवरील ताणही वाढतो.

दुसरी मर्यादा परतीच्या प्रवासात दिसून येते. मऊ स्प्रिंगने ढकललेल्या हलक्या भागांजवळ थोडीच ऊर्जा असते. कोठीत काजळी साचली असेल, तेल सुकले असेल, काडतूस किंचित फुगलेले असेल किंवा मॅगझीनची स्प्रिंग ताठ असेल, तर ही ऊर्जा अपुरी पडते व बोल्ट पूर्णपणे बंद होत नाही. तिसरी मर्यादा दारूच्या गुणधर्मांतून येते. थंडीत दारूचा दाब सामान्यतः कमी होतो. निरनिराळ्या बनावटीच्या काडतुसांचा दाबही सारखा नसतो. एका काडतुसावर व उन्हाळ्यातील दुपारी जुळविलेली रायफल दुसऱ्या काडतुसावर व थंडीतील सकाळी अडखळू शकते. ॲल्युमिनियमचा बोल्टवाहक वजनाला सर्वांत हलका असला, तरी घासणाऱ्या पृष्ठांवर तो पोलादापेक्षा लवकर झिजतो व त्यास वारंवार तपासावे लागते.

या सर्वांचा हिशेब स्पर्धकाला करावाच लागतो. तीस गोळ्यांच्या फेरीत प्रत्येक गोळीमागे सेकंदाचे तीन शतांश वाचले, असे धरल्यास एकूण बचत सेकंदाहूनही कमी होते. अडकलेली पुंगळी काढण्यास मात्र काही सेकंद जातात. म्हणजे एकदा अडकलेली रायफल अनेक फेऱ्यांत मिळविलेला लाभ गमावून बसते.

एम-१६ रायफलीचा अनुभव : चल भाग, वायूचा दाब व वेळ यांचा समतोल किती नाजूक असतो, हे स्टोनर यांच्याच रचनेच्या लष्करी इतिहासात दिसून आले. अमेरिकेने ही रायफल एम-१६ या नावाने स्वीकारल्यानंतर १९६४ च्या सुमारास तिच्या काडतुसातील मूळची दारू बदलून गोलकणी दारू वापरात आणली गेली. नव्या दारूमुळे गोळीचा वेग अपेक्षेप्रमाणे राहिला. परंतु वायुछिद्रापाशी येणारा दाब वाढला, आवर्तनाची गती वाढली आणि काजळीही अधिक साचू लागली. यंत्रणा ज्या गतीसाठी आखलेली होती, तीपेक्षा जलद चालू लागली. कोठीला क्रोमियमचा मुलामा नव्हता आणि सैनिकांना साफसफाईचे साहित्य व शिक्षण पुरेसे मिळालेले नव्हते. व्हिएटनामच्या दमट हवेत ऐन चकमकीत पुंगळ्या कोठीत अडकू लागल्या व अशा नादुरुस्त रायफली हाती असताना सैनिक प्राणास मुकले. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने या प्रकरणाची चौकशी करून कठोर टीका केली.

योजलेल्या उपायांत कोठीला क्रोमियमचा मुलामा देणे व देखभालीवर भर देणे यांबरोबरच बफर जड करणे हाही एक होता. नव्या बफरमध्ये आत सरकणारी वजने बसविलेली होती. बोल्टवाहक बंद होऊन मागे उसळू पाहतो त्याच क्षणी ही वजने पुढे येऊन आदळतात व त्याची उसळी दाबून टाकतात. येथे इलाज वजन वाढविण्याचा होता. स्पर्धा रायफलीत तेच वजन काढून टाकले जाते. दोन्ही निर्णय आपापल्या ठिकाणी योग्य आहेत, कारण उद्दिष्टे भिन्न आहेत. सैनिकाची रायफल चिखल, पाऊस, थंडी व मिळेल ते काडतूस या सर्वांना पुरून उरली पाहिजे. स्पर्धकाची रायफल ठरलेल्या काडतुसावर, स्वच्छ स्थितीत व थोडा काळ चालणारी असते. म्हणून स्पर्धेसाठी जुळविलेला संच संरक्षणाच्या वा शिकारीच्या शस्त्रात जसाच्या तसा वापरणे धोक्याचे मानले जाते.

इतर उपाय : हलके चल भाग बोल्टवाहकाशी निगडित अंशापुरतेच उपयोगी पडतात. वायूंच्या वाट्याला आलेल्या प्रत्याघातावरील उपाय म्हणजे नळीच्या तोंडावर बसविलेला नळीमुख-रोधक होय. यातील आडव्या भिंतींवर वायू आदळून बाजूला वा किंचित मागे वळतात व रायफलीला पुढे ओढतात. वरील उदाहरणात वायूंचा पुढच्या दिशेचा संपूर्ण संवेग नाहीसा करता आला, तर रायफलीचा संवेग ५·७ वरून ३·४ किग्रॅ.मी./से. एवढा आणि ऊर्जा ४ वरून सु. १·५ जुलांपर्यंत उतरेल. एकूण प्रत्याघात खरोखर कमी करणारा हा उपाय असल्याने त्याचा परिणाम हलक्या भागांपेक्षा मोठा असतो. वरच्या बाजूस छिद्रे ठेवल्यास नळी वर उचलली जाण्यासही विरोध होतो. बाजूला फेकल्या जाणाऱ्या आवाजाचा व वायूच्या झोताचा शेजारी उभ्या असलेल्यांना होणारा त्रास, हा त्याचा दोष होय.

दस्त्याचा अक्ष नळीच्या अक्षाशी सरळ रेषेत ठेवल्यास रायफल खांद्याभोवती फिरण्याची प्रवृत्ती कमी होते. स्टोनर यांच्या रचनेत हा गुण मुळातच आहे. रायफल जड करणे हा सर्वांत जुना व सोपा उपाय आहे. त्याने प्रत्याघाताची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. परंतु जड रायफल एका लक्ष्याकडून दुसऱ्याकडे वळविण्यास व धावत नेण्यास अवघड पडते.

याच प्रश्नाची अगदी वेगळी उत्तरेही शोधली गेली आहेत. एके-१०७ या रशियन रायफलीत बोल्टवाहकाच्या विरुद्ध दिशेने सरकणारे प्रतिवजन दंतचक्राने जोडलेले असते. त्यामुळे दोहोंचे धक्के एकमेकांना रद्द करतात. सिंगापूरमध्ये विकसित झालेल्या अल्टिमॅक्स-१०० या हलक्या मशीनगनमध्ये एआर-१५ च्या घडणीतही सहभागी असलेले अभिकल्पक एल्. जेम्स सलिव्हन यांनी बोल्टवाहकाला इतका लांब मार्ग दिला की तो मागे कोठेही न आदळता केवळ स्प्रिंगवरच थांबतो. येथे भाग हलके करण्याऐवजी त्यांना थांबण्यास पुरेशी जागा देण्यात आली आहे.

स्पर्धांचे नियम : संवेग कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे काडतूसच दुबळे करणे होय. तो रोखण्यासाठी स्पर्धांचे नियम केलेले असतात. १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यात कोलंबिया येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय व्यावहारिक नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार गोळीचे ग्रेनमधील वजन व फूट प्रति सेकंदातील वेग यांच्या गुणाकारास १,००० ने भागून शक्तिगुणांक काढतात. रायफलीसाठी तो किमान १५० असावा लागतो व वरच्या श्रेणीसाठी ३२० असावा लागतो. हा गुणांक म्हणजे वस्तुतः गोळीचा संवेगच होय. १५० म्हणजे सु. ३ किग्रॅ.मी./से. वरील उदाहरणातील गोळीचा गुणांक सु. १७३ भरतो. बहुतेक स्पर्धक किमान मर्यादेच्या थोडे वर राहणारे काडतूस निवडतात आणि उरलेला प्रश्न रायफलीच्या रचनेवर सोपवितात. या महासंघाने रायफलीची पहिली जागतिक स्पर्धा २०१७ मध्ये रशियात भरविली. नळीमुख-रोधकास कोठे मुभा आहे, हे विभागानुसार बदलते; ऑलिंपिकसाठीच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल स्पर्धांत तो पूर्णपणे निषिद्ध आहे.

गोळीला दिलेला संवेग कोणत्याही युक्तीने परत घेता येत नाही. वायूंचा संवेग रोधकाने वळविता येतो आणि चल भागांचा संवेग वजन, वायू व स्प्रिंग यांच्या मेळाने कमी करता येतो. यांपैकी एकच घटक बदलून इतर तसेच ठेवल्यास रायफल सुधारण्याऐवजी बिघडते. म्हणून हलका संच बसविताना स्प्रिंग, बफर व वायुनियंत्रक एकत्र जुळवितात, ठरलेल्या काडतुसाने पुष्कळ गोळ्या झाडून त्याची खात्री करून घेतात आणि वायूचे प्रमाण किमान आवश्यकतेच्या थोडे वरच ठेवतात.